कृषी सल्ला : आखाड्यावर गावचा नळ न्यायचा, तर आधी चढ बघा

यंदाच्या रब्बी बैठकांत हरभऱ्याच्या मर रोगाच्या बरोबरीने आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरावर, गावचा नळ नेण्याचे प्रश्न आले. पाणीपुरवठा आमच्या खात्याचा विषय नव्हे. पण चर, चढ-उतार आणि काळी माती हे आमचं रोजचं काम, आणि ग्रामीण पाणीपुरवठ्याचे शाखा अभियंता पंचायत समितीतच बसतात. त्यामुळे नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देतो.

आखाडा गावापासून 700 मीटरवर, माळावर आहे. बोअर होळीच्या आतच आटतो. ग्रामपंचायतीच्या नळाला किती खर्च येईल?

पैशाआधी एक चौकशी करा. जलजीवन मिशनमध्ये तुमच्या गावची योजना झाली असेल, तर तिच्या अंदाजपत्रकात तुमची वस्ती धरली आहे का, हे ग्रामपंचायतीत किंवा शाखा अभियंत्यांकडे विचारा. धरली असेल तर तिथपर्यंतची वाहिनी योजनेच्या खर्चातली आहे. ती स्वतःच्या पैशाने टाकून मोकळे होऊ नका. एकटे-दुकटे आखाडे बहुतेक वेळा धरलेले नसतात. अशा वेळी पुढचं सगळं तुमच्या खिशातून. लोकवर्गणी भरली म्हणून वाहिनी आखाड्यापर्यंत येईल, हा समज काढून टाका. ती वर्गणी गावातल्या कामाच्या खर्चातला वाटा असते.

अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या ग्रामसेवकांकडेच करायचा. सोबत आधार, घराचा नमुना 8 चा उतारा आणि घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याची पावती. बरेच अर्ज नमुना 8 वर अडतात. सातबारा असतो, विजेचं बिल असतं, पण आखाड्यावरच्या घराची नोंदच केलेली नसते. ती आधी करून घ्या. आखाडा शेजारच्या गावच्या शिवारात असेल तर नोंद त्या ग्रामपंचायतीत होते, आणि तुमच्या गावची पाणीपुरवठा समिती हद्दीबाहेर जोडणी द्यायला सहसा तयार होत नाही.

जोडणीचं शुल्क आणि अनामत गावागणिक वेगळी असते. एकूण खर्चात ही रक्कम सगळ्यात लहान. खरा पैसा जातो पाइप आणि चरात. समजा दुकानदाराने 32 मि.मी. एचडीपीई (काळ्या, लवचीक प्लास्टिकच्या) पाइपचा दर मीटरला 45 रुपये सांगितला, तर 700 मीटरचे 31,500 रुपये. जेसीबीचा तास बाराशेचा आणि काम आठ तासांचं धरलं, तर 9,600. सॅडल आणि फेरूल (मुख्य वाहिनीवर जोडणी काढायचे भाग), कॉक, मीटर, प्लंबरची मजुरी आणि आखाड्यावरची टाकी धरता आकडा पन्नास हजारांच्या पुढे सरकतो. तुमच्याकडचे दर घालून हाच हिशेब करा. वाटेत खडक लागला तर जेसीबीचे तास दुप्पट धरा. डांबरी रस्ता ओलांडायचा असेल तर तो ज्यांच्या ताब्यात आहे त्या बांधकाम विभागाची परवानगी लागते, आणि पाइप मोठ्या लोखंडी नळीतून पलीकडे न्यावा लागतो.

अर्धा इंची पाइप स्वस्त पडतो. तोच टाकला तर?

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पाणी पाइपमधून जाताना घासतं आणि दाब खर्ची पडतो. अर्ध्या इंची पाइपमधून मिनिटाला 6 लिटर पाणी न्यायचं तर दर 100 मीटरला साधारण साडेतीन मीटर उंचीइतका दाब संपतो. 700 मीटरला 24 मीटर झाले. समजा गावची टाकी जमिनीपासून 12 मीटरवर आहे आणि तुमचा माळ टाकीखालच्या जमिनीपेक्षा 4 मीटर उंच आहे. हातात राहिले 8 मीटर. म्हणजे धार निम्म्यावर येणार, तीही गावातले बाकीचे नळ बंद असतील तर. सकाळी सगळ्यांचे नळ एकदम सुटले की आखाड्यावर फक्त हवेचा फुसफुसाट. तेच 6 लिटर 32 मि.मी. पाइपमधून नेले तर 700 मीटरला जेमतेम 2 मीटर खर्च होतात.

म्हणून पाइप घेण्याआधी चढ मोजा. अंदाजाने नको, आपल्याकडचा माळ डोळ्याला फसवतो. पाणलोटाच्या कामात समतल रेषा आखायला वापरतात तो हायड्रोमार्कर गावात कुणाकडे असेल, तर टप्प्याटप्प्याने टाकीपासून आखाड्यापर्यंतचा फरक काढता येतो. नसेल तर शाखा अभियंत्यांना लेव्हल लावून द्यायला सांगा. फरक टाकीच्या उंचीच्या जवळ जात असेल तर हा नाद सोडा.

दुसरा हिशेब पाळीचा. घरात सहा माणसं असतील तर माणशी 55 लिटरने दिवसाला 330 लिटर लागतात. पाणी चार दिवसांतून एकदा तासभर सुटत असेल आणि नळ मिनिटाला 6 लिटर देत असेल, तर एका पाळीला मिळाले 360 लिटर. एका दिवसाचं पाणी चार दिवस पुरवायचं! अशा गावात टाकी कितीही मोठी बसवली तरी ती भरणार नाही. जोडणी घ्यायचीच तर पिण्या-स्वयंपाकापुरती समजून घ्या.

जनावरांचं पाणी या हिशेबात नाही. 55 लिटर माणसांसाठी आहेत. एक दुभती म्हैस उन्हाळ्यात दिवसाला 70 ते 80 लिटर पिते. ते विहीर, बोअर किंवा शेततळ्यावरच भागवावं लागेल. नळाच्या पाण्यावर भाजीपाला भिजवू नका, समिती जोडणी तोडू शकते.

पाणी वर चढत नसेल तर नळालाच मोटार लावावी का?

नाही. मोटारीने ओढलं की वाहिनीत उणा दाब तयार होतो, आणि जिथे गळती आहे तिथून गटाराचं पाणी आत शिरतं. मागच्या घरांचे नळ कोरडे पडतात ते वेगळंच. नळाखाली जमिनीलगत लहान टाकी ठेवा, ती आपोआप भरू द्या, आणि तिच्यातून वरच्या टाकीत मोटारीने चढवा. याला कुणाचीच हरकत नाही.

प्रादेशिक योजनेची मोठी वाहिनी आमच्याच शेतातून गेली आहे. तिला जोडणी मिळेल का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा राग मला कळतो. शेतातून दोन हात जाडीचा पाइप जातो आणि घरात हंडाभर पाणी नाही. पण ती वाहिनी टाकी भरण्यासाठी असते. पंप चालू असतानाच तिला पाणी असतं, तेही जोरात. शुद्धीकरण केंद्राच्या अलीकडची वाहिनी असेल तर पाणी कच्चं असतं. तिला भोक पाडणं गुन्हा आहेच, शिवाय पुढच्या गावांचं पाणी तुटतं. एअर व्हॉल्व्ह, म्हणजे वाहिनीतली हवा सोडणारी झडप, सैल करून त्याखाली घागरी लावलेल्या सगळीकडे दिसतात. पंप बंद झाला की त्याच सैल व्हॉल्व्हमधून भोवतालच्या डबक्याचं पाणी, शेणासकट, आत ओढलं जातं आणि पुढच्या गावात हगवण लागते. वाहिनीलगत चार-सहा आखाडे असतील तर एकत्र अर्ज करून ग्रामसभेचा ठराव घ्या आणि वस्तीसाठी वेगळी टाकी मागा. एकट्याच्या अर्जापेक्षा याचा विचार होण्याची शक्यता जास्त.

शेजारी त्याच्या रानातून पाइप नेऊ देत नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 49 खाली दुसऱ्याच्या जमिनीतून पाइपलाइन नेण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, पण ते शेतीच्या पाण्यासाठी आहे. घरगुती नळासाठी त्यावर विसंबू नका. बांधाच्या कडेने न्यायचं कबूल करा, लेखी संमती घ्या आणि पाइप कुठून गेला याचा साधा नकाशा दोघांच्या सहीने ठेवा. पुढे कधी नांगराच्या फाळाला पाइप लागला तर तोच कागद कामाला येतो.

काळ्या रानात चर किती खोल काढावा?

तीन फूट. उन्हाळ्यात भेगा पडून माती सरकते आणि पावसात फुगते. त्यात पीव्हीसीचे सांधे निखळतात, म्हणून भारी जमिनीत एचडीपीई बरा. त्यावर आयएस 4984 छापलेलं बघा. भंगारातून ओतलेला पाइप वरून तसाच काळा दिसतो, पण चिमटीत दाबला की कडा तडकते आणि वास येतो. ठिबकच्या जुन्या नळ्या जोडून काम भागवू नका. पाइप जमिनीवर तर अजिबात ठेवू नका. शेजारच्याने उसाचं पाचट पेटवलं की शंभर फूट एका दुपारी जातो.

चराच्या तळाला चार बोटं बारीक मुरूम टाका, वर पाइप, पुन्हा मुरूम, मग माती. वाटेत उंचवटा असेल तर तिथे हवा अडते, म्हणून त्या ठिकाणी हवा सोडायला कॉक ठेवा, सखल जागी धुवून काढायला दुसरा. तूर निघाल्यावर रान मोकळं असतं आणि माती अजून दगड झालेली नसते, तेव्हा काम काढा. चर बुजवण्याआधी वाहिनी भरून रात्रभर दाबाखाली ठेवा आणि सकाळी प्रत्येक सांध्यावरून कोरडा हात फिरवा. ओला लागला तर जेसीबीवाल्याला माती ओढायला सांगू नका, तो कितीही घाई करत असला तरी.