मयताला वाजवायचे पैसे

बाय, तू विचारलंस की नवऱ्याच्या नर्सिंगच्या नोकरीमागून इंग्लंडला आलीस, तर मयताला ऑर्गन वाजवून कमाई होईल का. व्हिसा, टॅक्स सगळं सरकारी वेबसाइटवर आहे, ते तिथेच वाच.

काम आहे. पण मयती बहुतेक सोमवार ते शुक्रवार, भर दिवसा. नऊ ते पाचची नोकरी धरलीस तर हे जमणार नाही. आपल्याकडे सकाळी चर्चची मयताची घंटा वाजली की बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत माती होते. इथे दोन-तीन आठवडे जातात, त्यामुळे तारीख आधी कळते. क्रिमेटोरियममध्ये, म्हणजे दहनगृहात, अर्ध्या-पाऊण तासाची वेळ असते आणि गाणी बहुतेक रेकॉर्डवरच लावतात. तू चर्च धर, आपलं कॅथलिकही आणि इंग्लंडचं अँग्लिकनही. चर्चच्या कायमच्या ऑर्गनिस्टचा मान पहिला. घरच्यांनी दुसरा वाजवणारा आणला तरी बऱ्याच ठिकाणी या कायमच्या ऑर्गनिस्टला फी मिळतेच. त्याच्याशी ओळख कर, ‘तुम्ही नसाल तेव्हा मी येईन’ म्हण. मला पहिली कामं अशीच मिळाली. मग फ्युनरल डायरेक्टरांनी, म्हणजे मयताची सगळी व्यवस्था बघणाऱ्यांनी, नंबर लिहून ठेवला.

आपण वसईत कीबोर्डवर वाढलो. इथे ऑर्गनचा बास, म्हणजे खालचे सूर, पायांनी वाजवायचा असतो, त्यासाठी पातळ तळव्याचे बूट घे आणि हात न लावता फक्त पायांनी वाजवायचा रियाज कर. बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्राची ‘क्रिमंड’ चाल पाठ हवीच; १९४७ साली राजकन्या (पुढे राणी) एलिझाबेथच्या लग्नात वाजल्यापासून ती घराघरात पोचली. ओळ संपली की म्हातारी माणसं श्वास घेतात. तेवढं थांबलीस तर ती तुझ्याबरोबर येतात, नाहीतर शेवटच्या कडव्यापर्यंत मागेच राहतात.

आता शाळेचं, कारण तुझा मुलगा चार वर्षांचा आहे. आम्ही फेब्रुवारीत आलो. प्राथमिक शाळेच्या अर्जाची मुदत १५ जानेवारीला संपलेली. कॅथलिक शाळेचा वेगळा फॉर्म, त्यावर फादरची सही, बाप्तिस्म्याचा दाखला. दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग एक, पासपोर्टवर दुसरं. त्याच पॅरिशमध्ये, म्हणजे त्या शाळेच्याच धर्मग्रामात, मी दर रविवारी मिस्साला वाजवत होते, आणि माझ्या लेकीला त्याच पॅरिशच्या शाळेत जागा नाही! अपील केलं, तेही फेटाळलं. ती दोन बस बदलून दुसरीकडे गेली. आज मोठी झाली, विसरली. मी नाही विसरले. तुम्ही दाखला इंग्रजीत काढा आणि स्पेलिंग विमानात बसायच्या आधी सारखं करून घ्या.

एकटेपणाचं विचारलंस. पहिला हिवाळा जड जातो, मग माणसं भेटतात. बस.

मला जड जातं ते दुसरंच. वसईत आपल्या नंदाखालला मयत झालं की अख्खा गाव चालत जायचा, बाया गाणी म्हणत मागून. वाजवणाऱ्याने पैसे घेतलेले मी कधी पाहिले नाहीत. घेतले असते तर त्याच्या दारात कोणी उभं राहिलं नसतं. इथे फोनवर पहिला प्रश्न, ‘तुमची फी किती?’ मी आकडा सांगते. घर त्यावर चालतं, कामही मी मनापासून करते, आणि तरी दर वेळी घसा आवळतो. परक्यांच्या मयतांना मी इतक्या वेळा बसले, आणि घरच्या मयती यूट्यूबवर बघितल्या. माझ्या काकीच्या मयताला कोणीतरी शेजारचा पोरगा वाजवत होता, सूर थोडा खाली लावलेला. त्याने काही घेतलं नसणार.

तू ये, बाय. वाजवतेस छान. चर्चने फी ठरवलेली असते, ती विचारून घे आणि तेवढीच सांग, कमी करू नकोस. आणि आईशी याबद्दल निघायच्या आधीच बोलून घे. मी माझ्या आईला अजून सांगितलेलं नाही की मी कशाचे पैसे घेते.