आजारपणाचे खाडे आणि ईएसआयचे एकशे पस्तीस रुपये

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. धाकटा भाऊ जून २०२४ पासून चाकणच्या एका पॅकिंग युनिटमध्ये ठेकेदाराकडे आहे, पगार १८,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये टायफॉइड झाला, खाजगी दवाखान्यात भरती केलं, १८ दिवस कामावर जाता आलं नाही. सगळे दिवस बिनपगारी धरले. विचारायला गेला तर सुपरवायझर म्हणाला, "आपल्याकडे सिक लीव्ह नसते, खाडे लागणारच." तुम्ही विचारलंय, कायद्यात आजारपणाची पगारी रजा खरंच नाही का?

मी बरीच वर्षं कारखान्यांच्या पगार विभागात काम केलंय, त्यामुळे हा संवाद अनेकदा कानावर आलाय. सुपरवायझर अर्धंच बोलला, आणि उरलेल्या अर्ध्यात तुमच्या भावाचे पैसे आहेत.

आधी तो बोलला ते. कारखाना असो वा दुकान, महाराष्ट्रात खाजगी नोकरीतल्या सर्वसाधारण कामगाराला 'आजारपणाची रजा' असं वेगळं खातं कायद्याने दिलेलं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात होती ती वार्षिक पगारी रजा: वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी २० दिवसांमागे एक. ही रजा १५ दिवस आधी अर्ज करून घ्यायची होती, पण आजारपणासाठी हवी असेल तर अर्ज उशिरा आला म्हणून नाकारता येत नव्हती, असं त्याच कायद्याच्या कलम ७९ मध्ये लिहिलं होतं. भाऊ २०२४ मध्ये जूनपासून लागला, पण वर्षाच्या मध्ये लागलेल्याला २४० ची अट नव्हती; उरलेल्या वर्षाच्या दोन तृतीयांश दिवस काम केलं की त्याच हिशोबाने पुढच्या वर्षी रजा मिळायची, म्हणून त्याची रजा शिल्लक होती का ते ठेकेदाराला विचारा. इथे वाचणाऱ्या जुन्या कामगारांनीही हे लक्षात ठेवावं, कारण 'आधी का नाही सांगितलं' म्हणून आजारी माणसाची शिल्लक रजा नाकारलेली मी पाहिली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि वार्षिक रजेची अट २४० वरून १८० दिवसांवर आली. भावाचं आजारपण त्याआधीचं असल्याने त्याला जुनाच हिशोब लागतो.

दुकानं, हॉटेलं, ऑफिसं यांच्यासाठी आपल्याकडे २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात वर्षाला ८ पगारी किरकोळ रजा आहेत, पण त्या दर तिमाहीला जमा होतात. म्हणजे फेब्रुवारीत डेंग्यू झाला तर हातात रजा दोनच, आणि वर्षअखेर उरलेल्या बुडतात. शेजारच्या कर्नाटकात आजारपण, अपघात किंवा तसंच रास्त कारण असेल तर वर्षाला १२ दिवस पगारी रजा दुकान कायद्यातच आहे. कागलच्या दुकानात काम करणारा पोरगा आणि तासाभराच्या आत गाठता येणाऱ्या निपाणीतला पोरगा, ताप दोघांना सारखाच येतो, हक्क मात्र वेगळा. त्यातही आपला कायदा १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता, आणि २०२५ मध्ये ती मर्यादा २० वर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. सहा-सात माणसांच्या दुकानातल्या माणसाला आजारपणात पगार मिळणं हे मालकाच्या मनावर. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि यावर बोलणारे फार कमी आहेत.

आता सुपरवायझरने न सांगितलेला भाग. भावाची पगार स्लिप काढा. 'ईएसआय' (राज्य कामगार विमा योजना) समोर १३५ रुपये कापलेले दिसतील. १८,००० चे पाऊण टक्का. मालकाने त्यावर स्वतःचे ३.२५ टक्के, म्हणजे ५८५ रुपये भरायचे असतात. दरमहा ७२० रुपये भावाच्या नावे जातात ते फक्त दवाखान्यासाठी नाहीत. आजारी पडून पगार बुडाला तर त्याची भरपाई ही या योजनेच्या मुळातच आहे. १९४४ साली प्रा. आदरकरांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, तेव्हा व्हाईसरॉयच्या मंडळात कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. आजाराने काम सुटलं तरी चूल बंद पडू नये, हा विचार तेव्हापासूनचा आहे.

हिशोब असा. आजारपणाचा भत्ता सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. भावाचा रोज ६०० धरला तर दिवसाला ४२०. पहिले दोन दिवस मिळत नाहीत (आधीच्या आजारपणाला १५ दिवस झाले नसतील तर ते दोनही मिळतात). रविवार धरून मोजतात. म्हणून १८ वजा २, १६ दिवसांचे ६,७२० रुपये. ते पहिले दोन दिवस गाळण्याचं समर्थन मला कधीच पटलं नाही. रोजंदारीवरच्या माणसाला तेच दोन दिवस सगळ्यात जड जातात, म्हणून तो ताप अंगावर काढून कामावर येतो आणि शेजारच्या मशीनवरच्या दोघांना देतो.

पात्रतेसाठी अट आहे ७८ दिवसांच्या वर्गणीची, म्हणजे ईएसआयला भरलेल्या त्या पैशांची. ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांतली वर्गणी जुलै ते डिसेंबरमधल्या आजारपणासाठी धरतात, आणि एप्रिल ते सप्टेंबरची पुढच्या जानेवारी ते जूनसाठी. भावाचं आजारपण ऑगस्टचं, म्हणजे ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ बघायचे. तो तेव्हा रोज कामावर होता, अडचण नसावी. नव्याने लागलेल्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की औषधोपचार पहिल्या दिवसापासून असतात, पण हा भत्ता साधारण नऊ महिन्यांनंतर सुरू होतो.

खरी अडचण दाखल्याची आहे. ईएसआयच्या डॉक्टरने लिहिलेला, अमुक तारखेपासून कामाला असमर्थ असा दाखला लागतो. आजार लांबला तर आठवड्याआठवड्याला पुढचा, आणि शेवटी कामावर जायला योग्य असल्याचा. तुम्ही घाईत जवळचं खाजगी हॉस्पिटल गाठलं, तसं सगळेच गाठतात. ताप १०४ असताना कोण कुठला दवाखाना ईएसआयचा ते शोधतो? म्हणून नियमांत सोय आहे: परिस्थिती तशी असेल तर नोंदणीकृत खाजगी डॉक्टरचा दाखलाही पर्यायी पुरावा म्हणून स्वीकारता येतो. हे शाखा कार्यालयाच्या अधिकारात आहे, हमी नाही. पण डिस्चार्ज कार्ड, टायफॉइडच्या तपासणीचा (विडाल किंवा कल्चर) रिपोर्ट, बिलं आणि ठेकेदाराकडून गैरहजेरीच्या तारखांचं पत्र एवढं जोडून लेखी अर्ज दिला तर विचार करावाच लागतो. तोंडी विचारलंत तर तोंडीच 'नाही' मिळेल. आधीच वेळ गेलाय, आता थांबू नका.

ठेकेदाराने पैसे कापून भरलेच नाहीत, ही शंका तुमच्या मनात असेलच. भावाचा दहा आकडी विमा क्रमांक घ्या आणि ईएसआयच्या पोर्टलवर महिन्यामहिन्याची वर्गणी बघा. भरली नसेल तर हक्क बुडत नाही. ईएसआय महामंडळ लाभ देऊन पैसे मालकाकडून वसूल करू शकतं, आणि ठेकेदाराच्या कामगारांची जबाबदारी शेवटी मूळ कंपनीवर येते. हे वाक्य कंपनीच्या एचआरला लेखी पाठवलं की ठेकेदाराचा फोन येतो, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक तपासा: त्याच्या नावे विमा क्रमांक एकच आहे ना? मी पाहिलेल्या एका हेल्परला टीबी झाला. टीबी ईएसआयच्या ३४ दीर्घ आजारांच्या यादीत आहे. दोन वर्षांची सलग विमा नोकरी आणि पुरेशी वर्गणी असेल तर अशा आजारात ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. पण ठेकेदार बदलला की प्रत्येकाने नवा क्रमांक काढला होता, आणि त्याची नोकरी कागदावर तीन वेगवेगळ्या माणसांची दिसत होती. जुन्या स्लिपा घरी पत्र्याच्या डब्यात होत्या म्हणून क्रमांक जोडून घेता आले. नाहीतर तो औषधं घेत आणि खोकत लोडिंगला उभा राहिला असता. नवा ठेकेदार आला की जुना क्रमांक द्या, नवा काढू देऊ नका.

पगारवाढीचंही बघा. योजनेची वेतनमर्यादा २१,००० आहे, १ जानेवारी २०१७ पासून तिथेच अडकलेली. भाऊ मधेच २१,००० च्या वर गेला तरी चालू सहामाही संपेपर्यंत तो योजनेतच राहतो. ओव्हरटाइम ही मर्यादा मोजताना धरत नाहीत. २१,५०० वाल्याला ना ईएसआय, ना वेगळी आजारपणाची रजा, ही पोकळी मोठी आहे.

शेवटी तुम्ही लिहिलंय, ठेकेदार आता 'उद्यापासून येऊ नको' म्हणतोय. ईएसआयचा भत्ता चालू असताना किंवा दाखल्यानुसार आजारी असताना कामावरून काढणं, पगार कमी करणं किंवा शिक्षा करणं १९४८ च्या विमा कायद्याच्या कलम ७३ ने बंद केलं होतं, आणि त्या काळात दिलेली नोटीस ग्राह्य नव्हती. भाऊ आता बरा झालाय, त्यामुळे ते कवच त्याला आजच्या दिवसासाठी सरळ लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण आजारपणामुळे काढतायत हे व्हॉट्सॲपवर आलं असेल तर तो मेसेज जपून ठेवा, आणि तोंडी सांगितलं असेल तर त्याच दिवशी 'कामावर हजर आहे, काम द्यावं' असं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. पत्राची प्रत आणि पोस्टाची पावती ईएसआयच्या फाइलमध्ये ठेवू नका, वेगळी ठेवा, कारण नोकरीचा वाद कामगार आयुक्तांकडे जाईल आणि भत्त्याचा ईएसआयच्या शाखेकडे. आधी स्लिपवरची ओळ आणि पोर्टलवरची वर्गणी जुळते का ते बघून इथे लिहा, अर्जाचा मसुदा मी करून देते.