शब्दशंका : कुंपणाच्या अलीकडे आणि पलीकडे

प्रश्न : भाचा ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरच्या सीमा सुरक्षा दल अकादमीत आहे. परवा जेवताना मी ‘घुसखोर’ म्हटलं, तर म्हणतो, “मामा, आधी चौकशी तर होऊ द्या. अनवधानाने सीमा ओलांडणारा असेल!” आता सीमेवरही इतकं जपून बोलायचं का? (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : भाचा बरोबर आहे, आणि हा नाजूकपणा नव्हे. दलाच्या कागदावर हा स्वतंत्र वर्गच आहे.

पंजाबात सीमा भर शेतातून जाते. रेषेवर भिंत नसते, क्रमांक घातलेले खांब असतात. तारेचं कुंपण म्हणजे सीमा नव्हे, ते आपल्याच हद्दीत बरंच आत असतं. बांगलादेशाशी तर १९७५ सालीच ठरलं की शून्य रेषेपासून (म्हणजे प्रत्यक्ष सीमेपासून) १५० यार्डांत, म्हणजे सुमारे १३७ मीटरांत, कुणीही संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही. म्हणून धुक्यात म्हैस शोधत निघालेल्या माणसाला कुंपण दिसेपर्यंत तो भारतात शे-दीडशे पावलं आलेला असतो. ‘कुंपणानेच शेत खाल्लं’ ही म्हण तर इथे शब्दशः लागू पडते. तारेपलीकडची जमीनही भारतीय शेतकऱ्यांचीच. पण तिथे जायचं तर ओळखपत्र दाखवा, झडती द्या, ठरल्या वेळी फाटकातून आत-बाहेर करा आणि ऊस लावू नका, कारण उसात माणूस लपतो.

पकडल्यावर क्रम असा : हाक, हात वर, झडती, खिशातल्या वस्तूंची यादी, मग निरनिराळ्या यंत्रणांकडून चौकशी. संशयास्पद काही निघालं नाही, तर पाकिस्तानी रेंजर्सना, म्हणजे तिकडच्या सीमादलाला, कळवून ध्वजबैठकीत (दोन्ही दलांच्या अधिकाऱ्यांच्या सीमेवरच्या भेटीत) सही घेऊन माणूस परत. गडबड होते ती पहिल्याच पायरीवर. रात्री हाक देऊनही जो थांबत नाही, उलट कुंपणाकडे येतच राहतो, त्याच्यासाठी तुमचाच शब्द वापरतात. पहारेकऱ्याला दोन शब्द लागतात ते एवढ्यासाठी, की एकाला चहा मिळतो आणि दुसऱ्याला गोळी.

प्रश्न : सीमेवर आता मुलीही आहेत. त्यांना ‘जवान’ म्हणावं की ‘जवानीण’? (शिंदे की छावणी)

उत्तर : ‘जवानीण’ कृपा करून नको. मूळ फारसी शब्दाला लिंगच नाही, त्याला मिशा आपण चिकटवल्या. दलात ‘सीमा प्रहरी’, ‘महिला प्रहरी’ म्हणतात, तेच बरं. पत्रावर सरळ हुद्दा लिहा : कॉन्स्टेबल, हेड कॉन्स्टेबल, उपनिरीक्षक. आणि ‘निमलष्करी’ लिहू नका. २०११ मध्ये गृह मंत्रालयाने ‘केंद्रीय सशस्त्र पोलीस दल’ हे नाव ठरवून दिलं. (‘निम’ म्हणजे अर्धं, पूर्ण वेळ उन्हात उभ्या राहणाऱ्याला ते लागणारच.)

प्रश्न : अश्रुवायू की अश्रुधूर? आणि अशा शस्त्राला ‘अप्राणघातक’ म्हणणं योग्य आहे का? (दाल बाजार)

उत्तर : धूर. नळकांड्यातलं ‘सीएस’ हे डोळ्यांना झोंबणारं रसायन साध्या तापमानाला वायू नसतं, पांढरी घन भुकटी असते. जळत्या मिश्रणाच्या उष्णतेने तिचे बारीक कण हवेत पसरतात. आपल्या टेकनपूरच्या कारखान्याचं नावही ‘टिअर स्मोक युनिट’ आहे, ‘गॅस’ नव्हे.

भुकटी म्हटलं की पुढचं आपोआप समजतं. डोळे चोळले की कण आणखी आत जातात. वारा येतो त्या दिशेला सरकावं, लेन्स असतील तर स्वच्छ हातांनी काढाव्यात, वाहत्या पाण्याने डोळे धुवावेत. लोकांची हमखास चूक म्हणजे सदरा डोक्यावरून ओढून काढणं. कापडावरची सगळी भुकटी त्यात तोंडावर येते. बटणं उघडा, बनियन असेल तर कापा, आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.

‘अप्राणघातक’ मात्र खोटा शब्द. नळकांडं थेट डोक्यात बसलं, किंवा बंद खोलीत फुटलं, तर जीव जाऊ शकतो. म्हणून जाणकार ‘कमी घातक’ म्हणतात. ऐकायला ओशाळवाणं वाटतं, पण ते खरं आहे. २०१६ मध्ये काश्मीरसाठी पॅलेट बंदुकीला पर्याय म्हणून ‘पावा’चे गोळे पुढे आले, तेही टेकनपूरचेच. पूर्ण नाव पेलार्गोनिक आम्ल व्हॅनिलिल अमाइड. आपल्या ग्वाल्हेरच्या बाड्यावरच्या कचोरीवाल्याला विचाराल तर एकाच शब्दात सांगेल : तिखट.