हाफ्नियमचा जॉब हातात घेण्याआधी

कुपवाड एमआयडीसीत रोज ३०४ स्टेनलेस स्टील लेथवर टर्न करतोस, म्हणून हाफ्नियम या धातूला त्याचाच महागडा भाऊ समजू नकोस. हाफ्नियमची घनता १३.३ ग्रॅम प्रति घन सेंमी, स्टेनलेसची ८. हाफ्नियम २,२३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, ३०४ मात्र १,४५० पर्यंतच. पण ताठपणात स्टेनलेस सरस, हे बरेच जण विसरतात! लांब जॉब टूलखाली दबेल, टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या टेकूचा) आधार दे.

खरी भीती बारीक किसाची. तो पेटतो. टूल धारदार ठेव, कूलंट भरपूर सोड, मशीनखाली ढीग साचू देऊ नकोस. पेटलाच तर पाणी अजिबात नको, कोरडी वाळू टाक.

हाफ्नियम न्यूट्रॉन शोषतं, म्हणून अणुभट्टीच्या नियंत्रण-कांड्यांत वापरतात. दुधाच्या टाकीला ३०४च घे.