दुसऱ्या गावालाही वापरता येईल असा धडा

प्रश्न : माझं एम. ए. (मराठी) आणि डी. एल. एड. झालंय. टीईटी पास आहे, शिक्षक भरतीची वाट बघतेय. नवभारत साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून गावातल्या बायकांना शिकवते. एसटीची पाटी वाचणं, बँकेची स्लिप भरणं यावर मी मोबाइलवर छोटे व्हिडिओ केले, ते व्हॉट्सअॅपवर बरेच फिरले. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका ताईंनी ‘पाट्या आमच्याकडच्या घालून द्या, आम्हीही वापरतो’ असं सांगितलं, पण मला ते करता आलं नाही. बाबा म्हणतात, हे फुकटचे उद्योग सोड. यात करिअर आहे का? कोणता कोर्स करू?
– एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : करिअर आहे. फक्त त्याचा पगार साक्षरता केंद्रावर मिळणार नाही, हे आधी मनाशी पक्कं कर. ‘उल्लास’ म्हणजेच तुमचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. १५ वर्षांवरच्या पाच कोटी निरक्षरांचं उद्दिष्ट आणि १०३७.९० कोटी रुपयांची तरतूद आहे, पण शिकवणारे स्वयंसेवकच असावेत अशी योजनेची रचना आहे. तेव्हा बाबांची काळजी रास्त आहे, त्यांच्याशी वाद घालू नकोस.

पगार मिळतो तो प्रौढांसाठी साहित्य तयार करणाऱ्यांना. कारखान्यातल्या कामगारांचं सुरक्षा प्रशिक्षण, बँकेच्या नव्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, आरोग्यसेविकांचे धडे हे सगळं प्रौढ शिक्षणच आहे. पुण्यात ई-लर्निंगचं काम करणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत. तिथे या पदाला ‘इन्स्ट्रक्शनल डिझायनर’ किंवा ‘कंटेंट डेव्हलपर’ म्हणतात. त्याखेरीज एमएस-सीआयटी चालवणारं एमकेसीएल, नाशिकचं मुक्त विद्यापीठ आणि स्वयंसेवी संस्था आहेत. शुद्ध, सोपं आणि बोलल्यासारखं मराठी लिहिणारी माणसं या क्षेत्रात कमी पडतात. तुझ्या एम. ए.ला इथे किंमत आहे.

आता तुझ्या पत्रातल्या त्या ताईंविषयी, कारण खरं शिकण्यासारखं तिथेच आहे. तुझ्याकडे फक्त तयार व्हिडिओ उरला. ‘जालना–अंबड’ची पाटी, तुझा आवाज आणि मागचं संगीत एकमेकांत असं मिसळलं की समजा लांज्याच्या बाईंसाठी ‘लांजा–राजापूर’ करायचं तर सगळं नव्याने करावं लागणार. यापुढे चित्रं, आवाज आणि मजकूर वेगवेगळ्या फाइलींत ठेव. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, टाइप कर. जुन्या फाँटमध्ये केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हं दिसतात, आणि चांगलं साहित्य त्यापायी वाया गेलेलं मी पुष्कळ पाहिलंय. धडा तीन-चार मिनिटांचा आणि एकाच कामापुरता ठेव. ‘मागच्या व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे’ हे वाक्य टाळ. तो मागचा व्हिडिओ पुढच्या माणसाकडे नसतो.

हे नीट कसं करतात ते बघायचं असेल तर आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे संगणक शिकवणारे व्हिडिओ बघ. दहा मिनिटांच्या आसपासचे धडे असतात. संहिता दोन रकान्यांत लिहिलेली असते, एकात वेळ, दुसऱ्यात निवेदन. त्यामुळे मूळ चित्र तेच ठेवून मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज चढवता येतो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, रेकॉर्डिंगच्या आधी ती संहिता विषयाची काहीच माहिती नसलेल्या माणसाकडून तपासून घेतात. तुझ्या केंद्रावर तर असे तपासनीस रोज येऊन बसतात!

त्यांच्यासमोर बसून बँकेच्या स्लिपचा धडा पुन्हा बघ. जिने आयुष्यभर बाजार केला तिला पाचशेची नोट ओळखता येते, हिशेब तोंडी येतो. ती अडते ‘अक्षरी रुपये’ या चौकटीपाशी. तिथे तिला ‘पाचशे’, ‘हजार’, ‘फक्त’ हे शब्द हवेत, ‘कमळातला क’ नको. मुलांचं साहित्य उचलून आजींसमोर ठेवणं मला अजिबात पटत नाही, त्यांचा मान राखला जात नाही.

आहे त्यातून नवं करायलाही लाज वाटू देऊ नकोस. एफ. सी. कोहली यांच्या पुढाकाराने टीसीएसने २००० साली संगणकावरचा साक्षरता कार्यक्रम सुरू केला, तो राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या प्रवेशिकांवरच, म्हणजे अक्षरओळखीच्या पुस्तकांवरच, बेतलेला होता. आधी तेलुगूत झाला, मग मराठीत आणि इतर भाषांत.

दोन गोष्टींत मात्र हयगय चालणार नाही. गूगलवरून उचललेला फोटो आणि सिनेमातलं गाणं धड्यात असलं की तो दुसऱ्याला अधिकृतपणे देता येत नाही. स्वतः फोटो काढ, आणि ज्या बाईचा चेहरा दिसतो तिची परवानगी घे. शिवाय धड्यावर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चा परवाना लिही. मी तुला ‘सीसी बाय-एसए’ सुचवेन : कोणीही वापरावं, बदलावं, तुझं नाव द्यावं आणि बदललेलंही असंच खुलं ठेवावं.

कोर्सचं म्हणशील तर ‘इग्नू’चा ई-लर्निंगमधला पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम तुला घरी राहून करता येण्यासारखा आहे, चालू सत्राची प्रवेशसूचना बघून घे. मुंबईला राहणं शक्य असेल तर एसएनडीटी महिला विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. ‘एचफाइव्हपी’ (H5P) हे फुकट साधन मात्र आत्ताच शिकायला घे. प्रश्नोत्तरं, जोड्या लावा असे प्रकार त्यात बनवता येतात आणि बनवलेला धडा दुसऱ्याला उतरवून घेऊन बदलता येतो. हजारो रुपये भरून महिन्याभराचं प्रमाणपत्र घेण्याच्या नादी इतक्यात लागू नकोस. मुलाखतीत ते फारसं विचारत नाहीत, केलेलं काम बघतात.

म्हणून शिक्षक भरतीचा अभ्यास चालू ठेव आणि सोबत तीन धडे नव्या पद्धतीने कर : एसटीची पाटी, बँकेची स्लिप, आणि रेशन दुकानात मशीनमधून निघणारी पावती. तीनही त्या ताईंना मूळ फाइलींसह पाठव, फोनवर काही समजावू नकोस. त्यांनी पाट्या बदलून वर्गात वापरले तर त्यांचं बदललेलं रूप आणि तुझं मूळ रूप शेजारी ठेवून नोकरीच्या अर्जाला जोड. नाही जमलं तर त्या कुठे अडल्या ते विचारून घे आणि तेवढाच भाग दुरुस्त कर.