डावा हात मांडीवर का असतो?

माझा धाकटा मुलगा अकरावीत आहे. थोरला दीड वर्षापूर्वी दुचाकीच्या अपघातात गेला. तेव्हापासून धाकटा रोज रात्री जेवण झाले की प्लेस्टेशनवर ‘ब्रदर्स’ नावाचा एकच खेळ लावून बसतो. तेही धड खेळत नाही. रिमोट नुसता धरून, डावा हात मांडीवर ठेवून, नदीकाठी उभ्या असलेल्या दोन मुलांकडे तासभर बघत राहतो. पूर्वी दोघे भाऊ एकाच रिमोटवरून भांडायचे, तेवढी तरी जाग असायची घरात. त्या खेळात कोणाचे तरी मरण आहे, असे माझा भाचा सांगत होता. यजमान म्हणतात, यंत्र विकून टाकू, म्हणजे अभ्यासाला लागेल. जाहिरातही टाकून झाली आहे. मरणाचे खेळ खेळून मूल आणखी खचणार नाही का? ही सवय कशी मोडावी?
— एक आई, सांगली

सवय, अभ्यास आणि जाहिरात हे सगळे मी सध्या बाजूला ठेवते आणि तुम्ही तक्रारीच्या ओघात जे लिहून गेलात तेवढ्याकडेच वळते. त्याचा डावा हात मांडीवर असतो.

‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’ हा खेळ २०१३ मध्ये स्वीडनमधील स्टारब्रीझ या कंपनीने काढला आणि मूळचे चित्रपट दिग्दर्शक असलेल्या, बैरुतमध्ये जन्मलेल्या जोसेफ फारेस यांनी तो दिग्दर्शित केला. आजारी वडिलांसाठी जीवनवृक्षाचे पाणी आणायला निघालेल्या नाया आणि नायी या दोन भावांची ती गोष्ट आहे. त्यांची आई आधीच बुडून वारलेली आहे आणि ते धाकट्याच्या डोळ्यांदेखत घडलेले असल्यामुळे त्याला पाण्याची भीती आहे. तुम्ही ज्याला रिमोट म्हणता त्या कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायच्या दोन बारीक दांड्या असतात. डावी दांडी आणि त्या बाजूची मागची कळ थोरल्या भावाची, उजवीकडची धाकट्याची. खेळणारा एक आणि भाऊ दोन, अशी ही रचना आहे. पाणी आडवे आले की धाकटा थोरल्याच्या पाठीला धरतो आणि थोरला पोहून दोघांनाही पलीकडे नेतो. डावी दांडी हलवली नाही, तर दोघेही काठावर उभे राहतात.

हा खेळ एकाच माणसाने दोन्ही हातांनी खेळावा असा केलेला आहे. मग तुमचे दोन मुलगे एका कंट्रोलरवर तो कसे खेळत असतील? शेजारी बसून, एकाने डावी बाजू आणि दुसऱ्याने उजवी बाजू धरून. कोणी कोणती धरली असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. नदीपर्यंत पोचायला दोन्ही हात लागतात, तेव्हा तिथवर तो एकटा खेळत येतो. मग जिथे दादाने पाठीवर घ्यायचे, तिथे तो डावा हात काढून घेतो आणि ती बाजू मोकळी ठेवून बसतो. याला तुम्ही ‘धड खेळत नाही’ असे म्हटले आहे.

मला तुमचा थोडा रागही आला आहे, तो लपवत नाही. मुलाच्या टीव्हीवर नदी आहे, काठावर दोन मुले आहेत, त्याचा हात मांडीवर आहे, इतके सगळे तुम्ही पाहिलेत आणि दीड वर्षात एकदाही त्याच्याशेजारी जाऊन बसल्याचे तुमच्या पत्रात नाही. तुमचेही मूल गेले आहे, हे मला कळते. पण तुम्ही मला त्याबद्दल विचारलेले नाही, धाकट्याची सवय मोडायची कशी हे विचारले आहे, म्हणून उत्तरही धाकट्याच्या बाजूने देते आहे.

आता ‘मरणाच्या खेळा’विषयी. तुमच्या भाच्याने सांगितले ते खरे आहे, थोरला भाऊ मरतो. परंतु खेळात मरण असणे ही काही पोरांना बिघडवण्याची युक्ती नव्हे. अमेरिकेतील रायन आणि एमी ग्रीन या दांपत्याच्या जोएल नावाच्या मुलाला एक वर्षाचा असताना कर्करोग झाला आणि २०१४ मध्ये, पाच वर्षांचा असताना, तो गेला. त्याच्या आजारपणावर त्यांनी केलेला ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ हा खेळ २०१६ मध्ये आला. रुग्णालयाच्या खोलीत बाळ रडत राहते आणि खेळणाऱ्याने काहीही केले तरी ते शांत होत नाही, असा एक प्रसंग त्यात आहे. ज्या आईबापांनी ती रात्र काढली, त्यांनीच तो रचला आहे. तेव्हा खेळ म्हटला की उनाडपणा, हे यजमानांचे गणित सोडून द्या.

येत्या रविवारी जेवणे आटोपली की त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसा आणि ‘मला शिकव’ म्हणून कंट्रोलरची ती बाजू धरा. तो चिडेल, ‘ती दादाची आहे’ असेही म्हणेल, आणि म्हणाला तर घरात ते नाव निघाले हे बरेच झाले. तुम्ही जागच्या उठू नका. भाषा येत नाही ही सबब चालणार नाही, कारण त्यातली पात्रे मुळी बनावट भाषेत बोलतात. तुमच्या हातून थोरला भाऊ खांबांवर आपटेल, भलत्याच दिशेला जाईल, आणि तुमचा मुलगा तुमच्यावर वैतागेल, वैतागू द्या. सगळा खेळ तीन-चार तासांचा आहे, दोन-तीन रात्रींत होईल.

शेवटी काय होते ते आताच सांगून ठेवते, म्हणजे ऐन वेळी तुम्ही स्वयंपाकघरात निघून जाणार नाही. थोरला मरतो आणि धाकटा आपल्या हातांनी त्याला मूठमाती देतो. त्यानंतर तुमच्या बाजूला काहीच काम उरत नाही. पुढे, घराजवळ आल्यावर, पुन्हा पाणी आडवे येते. उजवीकडची कळ दाबली तरी धाकटा पुढे सरत नाही. तो पोहू लागतो ते डावीकडची, म्हणजे गेलेल्या भावाची कळ दाबल्यावर. ती तुम्ही दाबायची नाही. तिथे कंट्रोलर त्याच्या दोन्ही हातांत द्या आणि शेजारी बसून राहा.

नंतर तो उठून गेला तर जाऊ द्या आणि बोलू लागला तर अभ्यासाचा विषय काढू नका. जाहिरात मात्र आजच काढायला लावा. रविवारच्या आत गिऱ्हाईक दारात येऊन उभे राहिले, तर पंचाईत होईल.