विचारू की नको विचारू?

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न इतक्यांदा कानावर आलाय की शेवटी लिहायलाच बसले. "आमच्या ओळखीत एकीवर मोठा प्रसंग ओढवलाय, तिच्याशी नेमकं काय बोलायचं? आपण काही चुकीचं बोललो तर?" आणि या भीतीपोटी लोक दोनच गोष्टी करतात, एक तर खोदून खोदून विचारतात नाहीतर दिसल्याबरोबर रस्ता बदलतात.

मी समुपदेशक आहे, त्यावरून माझ्याकडची एक केस सांगते. परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या बिल्डिंगला आग लागून चार महिने झाले होते. मुलीला घेऊन बराच वेळ धुरात अडकली होती, दोघींना खरचटलंसुद्धा नाही, पण झोप उडालेली, काहीही जळल्याचा वास आला की हातपाय गार. आल्या आल्या म्हणाली, "मला घर बदलायचंय. नवरा म्हणाला आधी तुमच्याशी बोल."

"घरात असताना जास्त त्रास होतो का?"

"घरात नाही. जिन्यात."

धूर जिन्यातूनच आला होता, त्यामुळे मला वाटलं आलं लक्षात, आणि मी तीन सेशन त्या जिन्यावर घालवले. चौथ्या वेळी ती जरा वैतागूनच म्हणाली, "जिन्याचं काही नाही हो. जिन्यात माणसं भेटतात ना, त्याचं."

मग एकेक बाहेर आलं. ती दारामागे उभी राहून पावलांचे आवाज लांब जाईपर्यंत थांबायची, आयहोलला डोळा लावून. कचऱ्याची बादली रात्री अकरानंतर खाली न्यायची. कारण जिन्यात कुणी म्हणणार "चार महिने झाले, विसर आता", कुणी तिला बघून बोलता बोलता गप्प होणार, आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका तर हटकून विचारणार, "तू आधी दार उघडलंस की खिडकी?" दर वेळी तेच.

इथे माझं मत सांगून टाकते, पटेल न पटेल. झाल्या प्रसंगाबद्दल बोललं की माणूस मोकळा होतो यावर आपला फार विश्वास आहे, पण ते बोलणं ज्याचं त्याच्या वेळेला झालं तर. धक्का बसल्या बसल्या माणसाला समोर बसवून सगळं वदवून घेण्याची एक पद्धत एकेकाळी जोरात होती, जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती वापरू नका असंच सांगितलंय. उलट आघाताचा त्रास कुणाचा लांबतो यावरचे ७७ शोधनिबंध एकत्र करून २००० साली एक मोठा आढावा झाला होता, त्यात आधीच्या आयुष्यातल्या कारणांपेक्षा नंतर आजूबाजूचा आधार मिळाला की नाही याचं वजन जास्त निघालं. म्हणजे आठवड्यातला एक तास ती माझ्यासमोर आणि बाकी सगळे तास त्या जिन्यात, तर काम कुठे करायला हवं होतं?

मी तिला विचारलं, "शेजाऱ्यांना एकदाच काही सांगता आलं तर काय सांगशील?" तिने पावतीच्या मागे तीन ओळी लिहिल्या. भेटलात तर नेहमीसारखं बोला. त्या रात्रीचं मी काढलं तर ऐका, तुम्ही काढू नका. अलार्म वाजवायच्या आधी सांगा.

तिसरी ओळ वाचून मी गारच पडले. आगीनंतर सोसायटी शहाणी झाली होती, दर रविवारी अलार्मची टेस्ट व्हायची, न सांगता! चांगल्या हेतूने दर आठवड्याला तिला परत त्या रात्रीत नेऊन सोडत होते आणि कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग तो कागद वाचून दाखवायला शेजाऱ्यांची मीटिंग ठरली, सात जण आले. ती दाराजवळच्या खुर्चीवर, कधीही उठून जायची मुभा आधीच ठरलेली. कागद मी वाचला. सगळे माना डोलावत होते, काका सोडून. ते बराच वेळ हातातली किल्ली फिरवत बसले होते, मग म्हणाले, "मी त्या रात्री नव्हतो. लेकीकडे गेलो होतो. बायको एकटी होती. ती काहीच सांगत नाही, म्हणून मी हिला विचारतो."

मला बोलावंसं वाटलं, नाही बोलले. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये काही शिकले असेन तर एवढंच, की अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवावं.

आणि ती बोलली. "काकू माझ्या मागेच होत्या. माझ्या मुलीचा हात त्यांनीच धरला होता. खाली येईपर्यंत सोडला नाही."

अकरा सेशनमध्ये मी त्या रात्रीबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. ते वाक्य तिने स्वतःच्या मनाने काढलं, ज्याला त्याची गरज होती त्याच्यासाठी. तेव्हा मला कळलं की आपण 'चौकस शेजारी' म्हणून ज्याच्यावर चिडतो तो पुष्कळदा स्वतःच होरपळलेला असतो. आघात एका घराला झाला असं आपण धरून चालतो, झालेला असतो अख्ख्या जिन्याला.

तर काय बोलायचं? "काय झालं" ऐवजी "आत्ता काय करू?" विचारा, आणि त्याहून बरं म्हणजे नेमकं सांगा, मी खाली चाललेय, तुझी बादली नेऊ का. "निदान जीव तरी वाचला" हे अजिबात नको, ते तिला माहितीये. मोठा आवाज, गर्दी, तोडफोड होणार असेल तर आधी कळवा, कारण घाबरलेल्या शरीराला पुढे काय होणार हे माहीत असण्याने जितकं बरं वाटतं तितकं समजूत घालण्याने नाही वाटत. चुकून काही बोलून गेलात तर सॉरी म्हणा आणि परत भेटा, गायब होऊ नका. आणि महिना उलटूनही झोप नाही, तेच तेच डोळ्यांसमोर येतंय, कामं अडलीयेत असं दिसलं तर तज्ज्ञाकडे न्या. जीव नकोसा झालाय असं बोलणं कानावर आलं तर मात्र त्याच दिवशी, आणि तोवर एकटं सोडू नका.

घर तिने बदललं नाही. अलार्मचा मेसेज टाकायचं काम काकांनी मागून घेतलं. एकदा त्यांनी वेळ चुकीची टाकली, अलार्म दहा मिनिटं आधीच वाजला, ही मुलीला घेऊन धाडकन जिन्यात आली तर काकू आधीच तिथे उभ्या, चपला उलटसुलट पायात घालून, मुलीचा हात धरायला हात पुढे केलेला.